अनुभव धागा: शहरातील सामायिक परसबाग आणि गोव्याचे ऋतू

गोव्यातील शहरांत राहणारे आपल्यापैकी अनेक जण वसाहतीच्या मोकळ्या जागेत किंवा गच्चीवर शेजाऱ्यांसह परसबाग सांभाळत आहेत. कुळागरात (माड-पोफळीच्या बागायतीत) किंवा वायंगणाच्या (हिवाळी भाताच्या) शेतात ऋतू कसा पालटतो हे गावाकडच्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असते. इमारतींच्या गर्दीत मात्र तो कशावरून ओळखू येतो, याची नोंद सहसा कोणी ठेवत नाही. ती आपण ठेवली पाहिजे असे मला मनापासून वाटते, कारण नक्षत्रे आणि प्रत्यक्षातला पाऊस यांचे जुने नाते डोळ्यांदेखत सैल होत आहे. आपल्या बागेत काय उगवले, काय आले नाही, कोणता पक्षी वा कीटक कधी दिसला, हे सविस्तर लिहावे ही विनंती. आरंभ मीच करते.

सांतिनेज, पणजी

आमची जागा भरावाची आहे. वरची वीतभर माती उकरली की विटांचे तुकडे आणि जांभ्याची तांबडी माती लागते. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. तो मातीतील चुना आणि पालाश धुऊन नेतो व माती आम्लधर्मी होते. म्हणून चतुर्थी आटोपली की तांबडी भाजी आणि मुळा पेरण्याआधी आम्ही वाफ्यांत चुलीतली राख मिसळतो.

२०२५ साली मोसमी पाऊस मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यातच दाखल झाला. एरवी तो जूनच्या पहिल्या आठवड्यात, मिरगाच्या आगेमागे येतो. दोडक्याचे वेल लवकर मांडवावर चढले आणि ऐन झडीत फुलांवर आले. दोडक्याचे फूल संध्याकाळी उमलते, पण तशा पावसात पतंग आणि माश्या बाहेर पडत नाहीत, त्यामुळे मादीफुलांच्या देठाशी असलेले बोटभर दोडके पिवळे पडून गळू लागले. मग आम्ही शेजारणी दिवेलागणीला छत्री धरून मांडवाखाली जाऊ लागलो. लांब दांड्यावरच्या घोसातले नरफूल खुडायचे, पाकळ्या मागे सारायच्या आणि पराग मादीफुलाच्या मध्यावर अलगद टेकवायचा. ज्या फुलांना असा हात लागला, त्यांतली बरीचशी धरली.

फोंडा

पणजीच्या ताईंनी लिहिलेल्या त्याच पावसाने आमच्याकडे भिरंडांची (कोकमांची) पंचाईत केली. सोसायटीच्या आवारात जुनी भिरंडाची झाडे आहेत आणि एप्रिल-मे महिन्यांत आम्ही सगळ्या मिळून सोलांची तयारी करतो. फळाची साल मीठ घातलेल्या रसात बुडवून उन्हात वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. हे चक्र पुरे व्हायला सलग कडक ऊन लागते. ते मिळाले नाही, तर सालींवर बुरशी धरते. पुरुमेंताची (पावसाळ्यासाठी करायच्या साठवणीची) सारी रचनाच मेअखेरपर्यंत ऊन राहील या भरवशावर उभी आहे, आणि तो भरवसा ढळणे ही मला फार मोठी गोष्ट वाटते. पहिल्या सरींमागोमाग कुंपणाकडेला तायकिळा (टाकळा) मात्र भरपूर उगवला. त्याची कोवळी पाने आम्ही आठळ्या घालून केली.

मडगाव

आमच्याकडे पावसाळा ओळखू येतो तो आफ्रिकी गोगलगायींवरून. मूळची पूर्व आफ्रिकेतली ही गोगलगाय उन्हाळाभर मातीत दडून असते आणि पाऊस लागला की रात्री बाहेर पडून झेंडूची व पपईची रोपे बुंध्यापर्यंत खाते. मीठ टाकण्याचा उपाय पुष्कळ जण सांगतात. परंतु त्याने वाफ्याची माती बिघडते. आम्ही तिन्हीसांजेला ओले गोणपाट अंथरून ठेवतो. पहाटे ते उचलले की खाली गोगलगायी गोळा झालेल्या असतात, आणि आसपासची माती उकरली तर साबुदाण्याहून थोडी मोठी, पिवळसर अंडीही सापडतात. त्यांना उघड्या हाताने स्पर्श करू नये, कारण माणसाला अपाय करणारे कृमी त्यांच्यात असू शकतात. मुलांना बागेत नेणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

पर्वरी

आमच्या बागेचा एक कोपरा आम्ही माटोळीसाठी राखला आहे. गणपतीच्या वर बांधायच्या या रानफळांसाठी पूर्वी मंडळी डोंगरावर जात. आमच्या इमारतींच्या मागचा डोंगर आता कापला गेला आहे, आणि चतुर्थीच्या बाजारात विकत घेतलेल्या जिनसांच्या झाडाशी आमच्या मुलांची ओळखच होत नाही. म्हणून कुंपणावर कवंडळाचा वेल सोडला, आंबाड्याचे रोप लावले आणि घागऱ्यांचे बी पेरले.

घागऱ्या तागाच्या कुळातल्या असल्याने मातीत नत्र साठवतात, हे ठाऊक होते. त्यांच्यावर फुलपाखरे येतील याची मात्र कल्पना नव्हती. पाऊस ओसरल्यावर, सुकू लागलेल्या फांद्यांवर निळसर ठिपक्यांची ब्लू टायगर फुलपाखरे दाटीने बसली आणि सोंड खुपसून रस शोषत राहिली. या झाडांतील विशिष्ट द्रव्ये नरांना मादीला आकर्षित करणारा गंध तयार करण्यासाठी लागतात, असे नंतर वाचनात आले. तेव्हापासून माटोळी झाल्यावरही आम्ही ती झाडे उपटत नाही.

म्हापसा

थोडक्यात लिहितो. कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखे दिसणारे काळे-पांढरे सुरवंट आढळले, तर फवारणी करू नये. ती कॉमन मॉरमॉन फुलपाखराची पिल्ले असतात. पुढे हिरवी होतात आणि डिवचल्यास डोक्यामागून तांबडी शिंगे काढतात. झाड पुन्हा फुटते.

वास्को

आमची बाग पठारावर आहे. पावसाळ्यात पाणी वाहून जाते आणि मार्चपासून नळाच्या पाण्यावर भिस्त असते. एवढ्या पावसाच्या मुलखात उन्हाळ्यात बादल्या मोजाव्या लागतात, याचे मला अतिशय वाईट वाटते. आम्ही माडांभोवती चर खणून त्यांत नारळाची सोडणे (वरची तंतुमय साले) पुरली; ती पाणी शोषून घेतात व ओल टिकवतात. फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत आवारातला पाचोळा दररोज जाळला जात असे. ते थांबवण्यासाठी बरीच बोलणी करावी लागली. आता पाचोळा पोत्यांत भरून ठेवतो, कारण पावसाळ्यात स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्याचे खत करताना सुका पाचोळा नसेल, तर ढीग कुजून दुर्गंधी सुटते.

एक विनंती आहे. सात शिरांच्या भेंडीचे घरचे बी कोणाकडे असल्यास कृपया येथे लिहावे. बदल्यात आमच्याकडून खोल गावच्या मिरचीचे बी देता येईल.