मदत हवी आहे: फॉर्मवर 'मराठी' लिहिलं आणि लेक 'इंग्रजी शिकणाऱ्या' मुलांत गेली

आम्ही जूनमध्ये पुण्याहून न्यू जर्सीला आलो. लेक दुसरीत आहे. पुण्यात नर्सरीपासून इंग्रजी माध्यमात होती. इथल्या सरकारी शाळेत नाव घालताना एक फॉर्म भरायचा होता: मूल पहिल्यांदा कोणती भाषा बोललं, घरात कोणती बोलता, वगैरे. मी सगळीकडे मराठी लिहिलं. खोटं कशाला लिहायचं?

शाळा सुरू झाल्यावर तिची इंग्रजी किती येतं हे तपासणारी 'विडा स्क्रीनर' परीक्षा घेतली आणि घरी पत्र आलं. ऐकणं ५, बोलणं ५, वाचन ४, लेखन ३ (६ पैकी). एकूण ४.५ च्या आत, म्हणून आता रोज अर्धा तास ईएसएलच्या (दुसरी भाषा म्हणून इंग्रजी शिकवणाऱ्या) बाई तिला वर्गातून घेऊन जातात. नेमका सायन्सचा तास बुडतो. ती दोनदा विचारून झाली, "मला इंग्लिश येतं ना गं? मग मीच का जायचं?"

नवरा भडकलाय. एवढी फी भरून इंग्रजी माध्यमात घातलं ते यासाठी का, म्हणतो. पत्रात सेवा नाकारायची सोय आहे, त्यावर सही करून मोकळे होऊ असं त्याचं मत. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "मराठी लिहायची हौस कोणाला होती?"

नाकारावं का? हा शिक्का किती वर्षं राहतो? आणि धाकटा पुढच्या वर्षी केजीत जाईल, त्याच्या फॉर्मवर सरळ इंग्रजी लिहू का? (हे विचारतानाही कसंतरी होतंय.)

प्रतिसाद १

नाकारू शकता, तो पालकांचा हक्कच आहे. पण नाकारलं तर फक्त तास बंद होतो, शिक्का नाही. दर वर्षीची इंग्रजीची 'अ‍ॅक्सेस' परीक्षा तरीही द्यावी लागते, निकष पार होईपर्यंत. म्हणजे परीक्षा आहे आणि शिकवणी नाही.

माझा मुलगा याच राज्यात दोन वर्षं त्यात होता. तेव्हा बाहेर पडायला एकूण ४.५ लागायचे. आता एक गंमत बघा. वाचन आणि लेखन यांना प्रत्येकी ३५ टक्के वजन, ऐकणं आणि बोलणं यांना १५-१५. आपली मुलं बोलण्यात बाजी मारतात आणि लेखनात आपटतात. कारण आपल्याकडे फळ्यावरचं उत्तर वहीत उतरवून घ्यायचं आणि तेच पेपरात लिहायचं. इथे चित्र दाखवून काय चाललंय, का झालं असेल, हे स्वतःच्या मनाने लिहायला सांगतात. माझा मुलगा एक वाक्य लिहून पेन्सिल खाली ठेवायचा, कारण 'एका वाक्यात उत्तरे लिहा' हेच डोक्यात! तुमच्या लेकीचं इंग्रजी कच्चं नसावं, मनाने लिहायची सवय नसेल. ती सवय त्या तासाला फुकटात लागते.

प्रतिसाद २

सायन्स बुडतं त्याबद्दल मात्र बोला, गप्प बसू नका. ही सोय म्हणजे शाळेची मेहेरबानी नाही. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांच्या खटल्यात (लाउ विरुद्ध निकल्स, १९७४) सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं, की भाषाच कळत नसेल तर तीच पुस्तकं आणि तेच शिक्षक दिले म्हणून समान वागणूक होत नाही. मुलांना विषय शिकता यावेत म्हणून हे सगळं आहे, मग विषयच बुडवून कसं चालेल? वेळ बदलून मागा, किंवा बाई वर्गातच येऊन शिकवू शकतात का ते विचारा.

राज्य बदलणार असाल तर परीक्षाही बदलेल. कॅलिफोर्नियात एल्पॅक, टेक्ससमध्ये टेल्पास.

प्रतिसाद ३

धाकट्याच्या फॉर्मवर इंग्रजी लिहू नका हो. आमच्या ओळखीत एकांनी लिहिलं. पहिल्याच आठवड्यात पोराने बाईंना "शू लागली" सांगितलं आणि बाईंना कळेपर्यंत उशीर झाला. तिथून पुढे सगळं स्पष्टीकरण आईबापांना द्यावं लागलं.

आणि लेकीसमोर 'शिक्का' हा शब्द वापरू नका. मुलं आपल्या तोंडाकडे बघूनच ठरवतात की ही गोष्ट लाजेची आहे.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. काल ईएसएलच्या बाईंना भेटून आले. त्यांनी परीक्षेचा नाही, पण वर्गात लिहून घेतलेला कागद दाखवला. चित्रात मुलगा पावसात सायकल दुरुस्त करतोय. लेकीने लिहिलं होतं, "दिस इज अ सायकल." बास! प्रतिसाद १, तुम्ही अगदी बरोबर पकडलंत.

सोमवारपासून तास सायन्सऐवजी वर्गाच्या लेखनाच्या वेळेत, तिथेच कोपऱ्यातल्या टेबलावर. नवऱ्याने नकाराच्या फॉर्मवर अजून सही केलेली नाही, फेकलाही नाहीये. फ्रीजवर चुंबकाखाली आहे.

काल रात्री तिला तेच चित्र मराठीत सांगायला लावलं, तर दहा मिनिटं बोलत होती. त्या मुलाचं नाव, त्याची आई का ओरडणार, सगळं. आधी मराठीत सांगायचं आणि मग इंग्रजीत लिहायचं, असं कोणी मुलांकडून करून घेतलंय का? फायदा होतो का?