मदत हवी आहे: मासळीशिवाय मिसो सूप, सगळ्या घराला रुचेल असं

जपानमधल्या नागानोला सासरी राहायला येऊन दोन महिने झाले. मी मासळी खात नाही, अंडं चालतं. सासूबाई रोज सकाळी माझ्यापुरतं मिसोचं (आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टचं) सूप छोट्या पातेल्यात वेगळं करतात. सत्तरीतल्या बाईंचा हा दुहेरी खटाटोप मला बघवत नाही.

१ लिटर पाण्यात १० ग्रॅम कोंबू (सुकं समुद्री शेवाळ) रात्रभर भिजवून, उकळी फुटायच्या आत काढला. चव पाणचट. दोन सुके शिताके मशरूम घातले, तर सासऱ्यांना मशरूमचाच वास आला. मिसो साधाच आहे. ‘दाशी-इरी’त, म्हणजे दाशी (सूपचं मूळ पाणी) आधीच मिसळलेल्या मिसोत, बहुधा मासळीचा अर्क असतो, म्हणून टाळते. कात्सुओबुशीचा (धुरी देऊन सुकवलेल्या मासळीच्या कापांचा) तो धुरकट खमंगपणा काही केल्या येत नाही.

शिताके किती, किती वेळ भिजवावेत? भाजलेलं सोयाबीन घालून दाशी कोणी केली आहे का, प्रमाण काय?