सहलीचा डबा बिनगव्हाचा: नळदुर्गला जाताना काय न्यावं?

सात_रस्ता

डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही नऊ जण सोलापूरहून नळदुर्ग किल्ल्यावर जाणार आहोत. सकाळी सातला निघायचं, जेवण एकच्या सुमारास, परत यायला संध्याकाळ. बरोबर आठ वर्षांची एक मुलगी आहे, तिला सीलिअ‍ॅक आहे, म्हणजे गहू-जवातलं ग्लुटेन हे प्रथिन आतड्याला न चालणारा आजार. निदान पक्कं झालेलं आहे, गहू, मैदा, रवा, जव सगळं बंद. वर गरम करायची सोय नाही.

आतापर्यंतची यादी: साबुदाणा खिचडी, बटाट्याचे वेफर्स, चिवडा आणि दुकानातली ग्लुटेन-फ्री बिस्किटं. यात गहू नाही, पण पौष्टिकही काही नाही. गार खाता येईल, पोटाला धरेल आणि त्या मुलीला आपला डबा वेगळा आहे असं वाटणार नाही, असं काय नेता येईल? धपाटी गव्हाचं पीठ न घालता केली की तव्यावर मोडतात, त्यावर उपाय हवाय. बाजारची कडक भाकरी चालेल का, तेही सांगा.

मालदांडी

सोलापुरात राहून सहलीला बिस्किटं कशाला? वेळ अमावस्येला शेतात जे जेवण जातं ना, ज्वारी-बाजरीचे उंडे, भज्जी, आंबील, त्यातलं बरंचसं मुळातच बिनगव्हाचं असतं. पानातली गव्हाची खीर आणि पोळ्या तेवढ्या वगळायच्या. सहलीलाही तोच धागा धरा आणि सगळ्या नऊ जणांचं जेवण बिनगव्हाचं ठेवा. गाडीत ब्रेड नाही, पोळी नाही, साधी बिस्किटंही नाहीत. मग वेगळ्या डब्याचा प्रश्न उरत नाही आणि दुसऱ्याच्या हातचे कण तिच्या पानात पडायची भीतीही राहत नाही.

साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. खिचडीत जे काही पोषण असतं ते दाण्याच्या कुटाचं. शिवाय गार झाली की तिचा गोळा होतो. ज्वारीत शंभर ग्रॅमला साधारण दहा ग्रॅम प्रथिनं आणि भरपूर चोथा असतो, शेंगदाण्यात पंचवीसच्या आसपास प्रथिनं. भाकरी, शेंगा चटणी आणि दही एवढ्यावर जेवण पूर्ण होतं. जोडीला काकडी, गाजर, पातीचा कांदा, आणि डाळिंबाचे दाणे घरूनच सोलून डब्यात.

कडक भाकरी घरी करायची तर पीठ ताजं, आठवड्याच्या आतलं घ्या. जुन्या पिठाची विरी (चिकटपणा) गेलेली असते, थापताना कडा फाटतात. दोन वाट्या पिठाला चवीपुरतं मीठ, चमचाभर तीळ आणि उकळतं पाणी. पाणी एकदम ओतू नका, पिठाच्या ताजेपणानुसार कमीजास्त लागतं. आधी उलथण्याने कालवायचं, हात लावण्याइतकं निवलं की तळहाताच्या टाचेने पाच मिनिटं रगडून मळायचं. एका भाकरीपुरताच गोळा घेऊन नेहमीच्या भाकरीपेक्षा निम्मी जाड थापायची. तव्यावर वरच्या बाजूला पाणी फिरवून उलटली की पुढे फुगू द्यायची नाही. फडक्याने दाबत दाबत मंद आचेवर दोन्हीकडून भाजायची. मोठ्या आचेवर बाहेरून डाग पडतात आणि आत ओल राहते.

तयार झाली का ते बघायला गार झालेली भाकरी मोडून पाहा. कट्ट आवाज होऊन तुटली तर झाली. वाकली तर परत मंद तव्यावर चार-पाच मिनिटं ठेवा. ओल राहिलेली भाकरी डब्यात दोन दिवसांत बुरसते. नऊ जणांना पंचवीस पुरतात.

शेंगा चटणी: पाव किलो शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजून सोलायचे, लसणाच्या पंधरा-वीस पाकळ्या, दोन चमचे तिखट, चमचाभर जिरं, मीठ. उखळात कुटली तर उत्तमच. मिक्सरमध्ये करायची तर थांबून थांबून फिरवा. सलग फिरवली की दाण्याचं तेल सुटून लगदा होतो. चटणीत हिंग घालू नका, लसूण असताना गरजही नाही.

धपाटेप्रेमी

धपाटी मोडतात कारण ज्वारीत ताण धरणारं ग्लुटेन नाही. नेहमी आपण जे मूठभर गव्हाचं पीठ घालतो ते त्यासाठीच. ते काढलं की चिकटपणा दुसरीकडून आणावा लागतो. तो दोन गोष्टींतून येतो, उकळत्या पाण्यातून आणि इसबगोलाच्या भुशातून.

प्रमाण: ज्वारीचं पीठ दोन वाट्या, बेसन अर्धी वाटी, तांदळाचं पीठ पाव वाटी, इसबगोलाचा भुसा सपाट एक चहाचा चमचा. लसूण-मिरची-जिऱ्याचं वाटण, हळद, ओवा, तीळ, मीठ आणि वाटीभर बारीक चिरलेली मेथी. मेथी धुऊन पूर्ण निथळा, नाहीतर पीठ दहा मिनिटांत सैल पडतं. सगळं कोरडंच एकत्र करून त्यावर साधारण वाटीभर उकळतं पाणी घाला, कालवा आणि झाकून दहा मिनिटं ठेवा. इसबगोल तेवढ्या वेळात फुगतो. मग दोन चमचे तेल लावून मळा. इसबगोल चमच्याच्या वर गेला तर धपाटी रबरासारखी चिवट होतात, हे लक्षात असू द्या.

थापायला ओलं, घट्ट पिळलेलं सुती फडकं घ्या. मधोमध बोटाने चार-पाच भोकं पाडा, त्यातून वाफ निघते आणि तेल आत जातं. फडक्यासकट तव्यावर पालथं घालून फडकं हलकेच सोलून काढा. चिकटलं तर फडकं कोरडं पडलंय. कडा फाटल्या तर पाणी पुरेसं गरम नव्हतं किंवा पीठ जुनं आहे. गार झाल्यावर चामड्यासारखी झाली तर तेल कमी पडलंय किंवा तांदळाचं पीठ जास्त झालंय.

पिठात दही घालायचा मोह टाळा. त्याच दिवशी खायची असतील तर ठीक, पण आदल्या रात्री करून ठेवली तर आंबूस वास येतो. दही वेगळं न्या.

घरघंटी

वरच्या दोन्ही पाककृती चांगल्या आहेत, पण सीलिअ‍ॅकमध्ये धान्य कुठलं याइतकंच ते दळलं कुठे हेही महत्त्वाचं असतं. आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमात ग्लुटेन-फ्री म्हणायची मर्यादा किलोला 20 मिलिग्रॅम ग्लुटेन आहे. गव्हाच्या पिठात साधारण दहा टक्के ग्लुटेन धरलं तर एक किलो ज्वारीच्या पिठात पाव ग्रॅमहूनही कमी गव्हाचं पीठ मिसळलं की मर्यादा संपली. म्हणजे अक्षरशः चिमूट.

आता कोपऱ्यावरच्या गिरणीचा विचार करा. दिवसभर गहू दळतात, पीठ दगडांच्या खाचांत, तोंडाच्या कापडी पिशवीत, डब्याच्या काठावर बसलेलं असतं. 'आधी किलोभर तांदूळ दळून टाका, मग आमची ज्वारी घाला' हा सल्ला सगळे देतात. त्याने प्रमाण कमी होतं, पण किती कमी झालं ते कळत नाही. या मुलीसाठी एकतर जिच्यात गहू कधीच दळला नाही अशी घरघंटी, नाहीतर तपासणी करून ग्लुटेन-फ्री छापलेलं बंद पाकीट. बेसन आणि तांदळाच्या पिठालाही हाच नियम.

ज्वारी घरी दळणार असाल तर निवडण्यात आळस नको. पोत्यात, मापात, दुकानाच्या गोणीत गव्हाचे दाणे येतातच. ताटात एका वेळी एकच मूठ पसरा, ढीग करू नका. मालदांडी ज्वारी गोल, पांढरट, मोत्यासारखी. गहू लांबट, तांबूस आणि पोटावर चीर असलेला. उजेडात लगेच दिसतो. निवडून झाली की दोनदा धुऊन, फडक्यावर कडकडीत वाळवून मग दळा.

बाजारच्या कडक भाकरीबद्दल: इतरांना खुशाल न्या, तिला नको. भाकरी ज्वारीचीच असली तरी पीठ कुठल्या गिरणीचं, त्याच तव्यावर पोळ्या होतात का, हे पाकिटावरून कळत नाही. तिच्यासाठी घरच्याच करा. पण तवा, परात आणि फडकं वेगळं हवं. लोखंडी तव्यावर साचलेला जुना थर घासूनही पुरता जात नाही. लाकडी काठवट आणि पोळपाट तर नकोच.

मालदांडी

घरघंटीचं बरोबर आहे, गिरणीचा मुद्दा माझ्याकडून राहिला. आणि तसं असेल तर बाजारची भाकरी इतरांसाठीही आणू नका. एकाच फडक्यावर दोन प्रकारच्या कडक भाकरी दिसायला सारख्याच, आठ वर्षांचं पोर ओळखणार कसं?

घरघंटी

मान्य.

सात_रस्ता

खूप उपयोगी. घरघंटी नाही, त्यामुळे पाकीटबंद पीठ घेते. अजून दोन शंका. चिवडा घरी केला तर चालेल ना? आणि परतताना वाटेत हुरड्यासाठी थांबायचा विचार आहे. हुरडा ज्वारीचा, म्हणजे तिला बिनधास्त द्यावा का?

येसर_आमटी

चिवड्यात पोहे, दाणे, डाळं, सुकं खोबरं, कढीपत्ता यात काही अडचण नाही, अडचण हिंगाची आहे. डबीतला हिंग बहुतेक वेळा शुद्ध नसतो, त्यात डिंक आणि पीठ मिसळलेलं असतं आणि ते पीठ अनेकदा गव्हाचं किंवा मैद्याचं. खडा आहे म्हणून शुद्ध असंही नाही. तांदळाच्या पिठाचा हिंग मिळतो, पण घटक वाचून घ्या. नाहीतर फोडणीत मोहरी, जिरं, लसूण पुरे. पापड, शेव, फरसाण, लोणचं यांत हा हिंग गुपचूप येतो. तयार चिवडा म्हणूनच नको.

ज्यांत गहू आहे हे पटकन सुचत नाही अशा आणखी काही गोष्टी सांगते. मेतकूट, त्यात भाजलेला गहू असतो. थालीपिठाची भाजणी, तिच्यातही बऱ्याच घरी गहू. सातूचं पीठ आपल्याकडे गहू आणि डाळ्याचं करतात, आणि खरं सातू म्हणजे जव धरलं तरी तेही बंदच. येसर, म्हणजे आमटीला लावायचं मसाल्याचं पीठ, त्यात बहुतेक घरी गहू भाजून घातलेला. कुरडई तर गव्हाच्या चिकाचीच. उलट उपवासाची भाजणी, राजगिरा, वरई, शिंगाडा या गोष्टी मुळात बिनगव्हाच्या, पण पाकिटावरचा इशारा वाचायचाच.

हुरड्याचं म्हणाल तर दाणे ज्वारीचेच, पण आगटी (भाजायचा विस्तवाचा खड्डा) एकच असते. त्याच राखेत गव्हाच्या ओंब्या आणि हरभऱ्याचा हुळाही (ओले घाटे) भाजतात, आणि त्याच हाताने, त्याच पाटीत कणसं चोळतात. ओंब्या भाजायला घेण्याआधी तुमची कणसं भाजून घ्या, चोळायला आपलं स्वच्छ ताट द्या, हात धुऊन चोळायला सांगा. तिथली चटणी नको, घरचीच काढा. ओंब्या आधीच भाजून झाल्या असतील तर त्या दिवशी तिला हुरडा नको. बोरं, पेरू, कच्चा हरभरा खाऊ दे.

ढाब्यावर थांबलात तर साबुदाणा वडासुद्धा नको. कढई समोशाचीच असते.

धपाटेप्रेमी

गोडाला शेंगदाण्याचे लाडू करा. दोन वाट्या भाजलेले दाणे, एक वाटी चिरलेला गूळ, वेलची. दाणे आधी भरड, मग गूळ घालून दोन-तीन झटके. दाण्याचं तेल सुटतं त्यातच लाडू वळतात, पाक नको, तूप नको, पंधरा दिवस टिकतात. यात अर्धी वाटी राजगिऱ्याच्या लाह्या घातल्या तर हलके होतात. नाचणीचं पीठ तुपात भाजून घातलं तर कॅल्शियमही मिळतं, शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं. मात्र नाचणी मंद आचेवर पंधरा मिनिटं भाजा. कच्ची राहिली की लाडू घशाला चिकटतो आणि मुलं दुसरा घेत नाहीत.

मालदांडी

भरण्याबद्दल थोडं. धपाटी आणि भाकऱ्या जाळीवर पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात घालू नका. गरम भरल्या की झाकणाला पाणी सुटतं आणि खालची धपाटी ओली होतात. धपाटी सुती फडक्यात, कडक भाकरी कागदात उभ्या ठेवून. वर काही ठेवू नका, चुरा होतो. झालाच तर दह्यात कुस्करून खा, त्यातही मजा आहे.

दही स्टीलच्या डब्यातच विरजा आणि डबा न हलवता फ्रीजमधून थेट पिशवीत. दोन पाण्याच्या बाटल्या पाऊण भरून रात्री गोठवा, दही त्यांच्यामध्ये ठेवा. एकपर्यंत गार राहील, आणि नंतर तेच पाणी प्यायला. डिसेंबर असला तरी उन्हात उभ्या गाडीची डिकी तापते, पिशवी सीटखाली ठेवा. दहीभात, उकडलेले बटाटे, पनीर यातलं काही न्यायचं तर बर्फाशिवाय नको.

आणि चटणीला दोन डबे करा. एक तिचा, त्यावर चिकटपट्टी आणि नाव, चमचा आतच. वाटेत कुणी टपरीवरची खारी खाल्लेल्या हाताने मोठ्या डब्यात बोटं घातली तरी हा डबा वाचतो. वाढताना आधी तिचं पान, मग बाकीच्यांची.