डेबियन 12 ची ग्लिबसी जुनी, नवीन टूल चालेना, काय करू?

लॅबवाला_अमरावती: मंडळी, कॉलेजच्या लॅबमधल्या मशीनवर डेबियन 12 (लिनक्सचा एक प्रकार) आहे. गिटहबवरून एक सिम्युलेशनचं टूल उतरवलं, तयार बायनरी, चालवलं की लगेच "जीएलआयबीसी_2.38 नॉट फाउंड". म्हणजे ग्लिबसी (लिबसी), जवळपास सगळे प्रोग्रॅम जिच्यावर चालतात ती सी लायब्ररी, टूलला 2.38 हवी. एलडीडी कमांडला इथलं व्हर्जन विचारलं तर 2.36. बॅकपोर्ट्समध्ये (जुन्या डेबियनसाठी नवी पॅकेजेस असतात तिथे) लिबसी नाहीच. एकाने सांगितलं की सोर्सेस लिस्टमध्ये (पॅकेजेस कुठून घ्यायची ती यादी) ट्रिक्सीची, म्हणजे डेबियन 13 ची, ओळ टाक आणि फक्त लिबसी6 पॅकेज ओढून घे, पण हात धजत नाही कारण पुढच्या आठवड्यात याच मशीनवर पोरांची प्रॅक्टिकल परीक्षा आहे. शिवाय 2.36 ही 2022 ची, मग सिक्युरिटीचं काय?

टर्मिनलकर: ती ओळ अजिबात टाकू नका! बॅश, एलएस, एपीटी (पॅकेजेस टाकणारी कमांड) सगळं त्याच एका लिबसीवर उभं आहे, एपीटी मध्येच अडकलं तर दुरुस्तीला लागणारी हत्यारंही चालणार नाहीत, आणि डेबियनमध्ये डाउनग्रेडला सपोर्ट नाही. एलडी_लायब्ररी_पाथमध्ये (लायब्ररी कुठे शोधायची ते सांगणारी सेटिंग) नवी लिबसी देऊन चालवायचा जुगाडपण नको, लोडर (प्रोग्रॅमला लायब्ररी जोडून देणारा) जुना आणि लिबसी नवी असं झालं की साधं एलएससुद्धा क्रॅश होतं, दोन्ही एकाच व्हर्जनचे लागतात.
त्यापेक्षा पॉडमन (कंटेनर चालवणारं टूल) आणि डिस्ट्रोबॉक्स (त्याच्या आत दुसरं लिनक्स वापरू देणारं) टाका, दोन्ही डेबियन 12 च्या रेपोमध्येच (पॅकेजेसच्या साठ्यात) आहेत. ट्रिक्सीची इमेज घेऊन बॉक्स बनवा, आत ग्लिबसी 2.41 मिळेल, होम फोल्डर तुमचाच दिसेल, कर्नलही (सिस्टिमचा गाभा) बाहेरच्या मशीनचाच, त्यामुळे स्पीडचा प्रश्न नाही. बाहेरच्या सिस्टिमला धक्का लागत नाही.

सीप्लसप्लस_ताई: सोर्स मिळत असेल तर 12 वरच कंपाइल करून बघा, बऱ्याचदा टूलला 2.38 मधलं खरं काहीच नको असतं. गिटहबचं उबुंटू-लेटेस्ट (प्रोजेक्टवाले ज्यावर बायनरी बिल्ड करतात ते मशीन) उबुंटू 24.04 वर गेलं, तिथे ग्लिबसी 2.39, आणि 2.38 पासून ग्लिबसीची हेडर्स स्ट्रटोलसारखी (मजकुरातून आकडा काढणारं) अगदी साधी फंक्शनं आयएसओसी23 वाल्या नव्या नावांना जोडतात. म्हणजे कोडची एक ओळ बदलली नाही तरी बायनरी 2.38 मागायला लागते. ऑब्जडम्पला (बायनरीतली नावं दाखवणारी कमांड) कॅपिटल टी देऊन 2.38 ग्रेप करा (शोधा), कुठली नावं अडतायत ते दिसेल. आयएसओसी23 वालीच असतील तर प्रोजेक्टवाल्यांना इश्यू टाका की रिलीज उबुंटू 22.04 वर बिल्ड करा, तिथे 2.35 आहे, मग आपल्या सगळ्यांचंच काम होईल.

स्टेबलप्रेमी: सिक्युरिटीची काळजी आकड्यावरून करू नका. ऑक्टोबर 2023 मध्ये ग्लिबसीमध्ये लूनी ट्युनेबल्स नावाचं भोक निघालं, थेट रूट (मशीनचा पूर्ण ताबा) मिळत होतं, डेबियनने 2.36 मध्येच पॅच घातला, आकडा तोच राहिला फक्त मागचं डेब12यू (डेबियनचा स्वतःचा पॅच नंबर) पुढे सरकलं. एपीटी चेंजलॉग लिबसी6 वाचा, सगळं लिहिलेलं असतं. यासाठीच तर आपण स्टेबल वापरतो. डेबियन 13 वर जायचं ते परीक्षा झाल्यावर, पूर्ण सिस्टिम एकदम.

लॅबवाला_अमरावती: ताई, बरोबर निघालं, आयएसओसी23_स्ट्रटोल आणि तसलीच दोन नावं, बाकी काही नाही. इश्यू टाकलाय. तोवर डिस्ट्रोबॉक्समध्ये टूल मस्त चालतंय. पण मुलांच्या लॉगिनला बॉक्स दिसतच नाही?

टर्मिनलकर: रूटलेस (रूटशिवाय चालणाऱ्या) पॉडमनचा बॉक्स ज्याचा त्याचाच असतो. प्रत्येक लॉगिनवरून एकदा क्रिएट चालवा, मग बॉक्सच्या आतून डिस्ट्रोबॉक्स-एक्सपोर्ट केलं की टूल बाहेरून नेहमीच्या कमांडसारखं चालेल. इमेज प्रत्येक युजरसाठी वेगळी उतरते, तेव्हा डिस्कवर जागा आहे का ते आधी बघा.