मोजणीत शेजाऱ्याचा गोठा आमच्या हद्दीत निघाला: पाडायला लावायचा की लिहून घेऊन मिटवायचं?

वसमतची_हळद
आमचं रान वसमत तालुक्यात. उन्हाळ्यात हद्द कायम मोजणी करून घेतली. भूमापकानं रोव्हर (उपग्रहाच्या मदतीनं मोजणारं यंत्र) लावून खुणा ठोकल्या, तेव्हा शेजाऱ्याच्या गोठ्याची मागची भिंत आमच्या गटात चार फूट आत निघाली. त्याची पाइपलाइनही आमच्याच धुऱ्याच्या (बांधाच्या) अलीकडून गेलेली. आता आमची अडचण: हळद बाहेर काढायला ट्रॅक्टर त्याच्या रानातून न्यावा लागतो. पावसाळ्यात काळ्या मातीत दुसरीकडून पायसुद्धा घालता येत नाही.

घरात दोन तट पडलेत. काका म्हणतात, मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत हातात आली, आता अर्ज टाका आणि जेसीबी बोलवा. मला वाटतं, त्याची पाइपलाइन राहू द्यावी, त्यानं आम्हाला बारा फूट वाट द्यावी आणि हे सगळं एका दस्तात लिहून नोंदवावं. 1882 च्या सुविधाधिकार (दुसऱ्याच्या जमिनीतून वाट, पाणी नेण्याचा हक्क) कायद्यात हे बसतं. गोठ्याचं मात्र काय करावं कळेना.

सरळ_बांध
लिहून दिलं म्हणजे गेलं. शेजाऱ्यानं दर पेरणीला एक तास (नांगराची ओळ) आत यायचं, धुरा कोरत न्यायचा, आणि मोजणी झाली की ‘बसून मिटवू’. मिटवायचंच होतं तर भिंत बांधताना विचारायला काय झालं होतं? काका बरोबर आहेत.

काळा_कोट_लातूर
पाइपलाइन आणि वाट सुविधाधिकारात बसतात. जमीन ज्याची त्याच्याच ताब्यात राहते, दुसऱ्याला फक्त वापर मिळतो. भिंत तशी बसत नाही. चार फुटांची पट्टी भिंतीनं कायमची अडवली की तो कब्जाच झाला. सुविधाधिकाराचं नाव देऊन दस्त केला तरी कोर्टात टिकणं अवघड.

कुणी 2023 ची सलोखा योजना (एकमेकांच्या ताब्यातल्या जमिनीची अदलाबदल) सुचवेल. मुद्रांक 1000, नोंदणी 1000, स्वस्तात काम होतं. पण तिथं एकमेकांची जमीन एकमेकांकडं किमान 12 वर्षं असावी लागते. तुमच्या ताब्यात त्याचं काहीच नाही, मग अदलाबदल कशाची करणार?

‘लिहून दिलं म्हणजे गेलं’ हे मात्र उलटं आहे. गप्प बसलात तर 12 वर्षांनी तो प्रतिकूल कब्जा (इतकी वर्षं ताब्यात म्हणून जमीन माझीच) सांगेल, पाइपलाइनला 20 वर्षांनी वहिवाट (जुन्या वापराचा हक्क) सांगेल. लेखी परवानगी असली की दोन्ही दावे लंगडे पडतात. परवानगीनं वापरलं ते हक्कानं वापरलं, असं म्हणता येत नाही. परवानगी मोघम मात्र नको, कारण तिच्या भरवशावर त्यानं पक्कं बांधकाम केलं तर सुविधाधिकार कायद्याचं कलम 60 आडवं येतं आणि ती मागं घेता येत नाही. म्हणून गोठ्याचा परवाना वेगळा करा. आहे ती भिंत उभी आहे तोवरच. पडली किंवा नव्यानं बांधायची झाली तर खुणेच्या पलीकडं, त्याच्या हद्दीत. शेणाचा उकिरडा अलीकडं टाकायचा नाही, हेही लिहा. भांडणं भिंतीवरून कमी आणि उकिरड्यावरून जास्त होतात.

सरळ_बांध
वकीलसाहेब, सुविधाधिकार जमिनीला चिकटतो, हे सांगायचं राहिलं. उद्या रान विकायला काढलं तर घेणारा सातबाऱ्यातला ‘इतर हक्क’चा रकाना बघून भाव पाडणार. पोरंबाळं म्हणतील, आज्यानं हे काय करून ठेवलं.

वसमतची_हळद
मिळालेली वाटही जमिनीलाच चिकटते की. बिनवाटेच्या रानाला गिऱ्हाईक कोण?

पांधणवाला_बीड
आमच्याकडं लोक वाटंसाठी तहसीलला वर्षानुवर्षं चकरा मारायलेत. जमीन महसूल संहितेच्या कलम 143 चा वाटंचा अर्ज, मग स्थळपाहणी, मग वरती अपील. तेवढ्यात वाट दिणारा म्हातारा वारला अन् पोरगं म्हनतंय मला म्हाईतच न्हाई. तुमचा शेजारी बोलायला तयार हाय ना? मग त्याचं मन बदलायच्या आत कागद करा. काकाच्या जेसीबीनं गोठा पडंल, पण हळदीचा ट्रॅक्टर कुठून काढता?

सरळ_बांध
हा मुद्दा मान्य. पण मग आधी त्याच्याकडून वाट नोंदवून घ्या, पाइपलाइनचं नंतर बघू.

काळा_कोट_लातूर
तो एवढा भोळा असता तर भिंत चार फूट आत आली असती का? दोन्ही एकाच दस्तात, एकाच दिवशी. वाटेची रुंदी फुटात लिहा, मोजणीच्या कुठल्या खुणेपासून कुठल्या खुणेपर्यंत ते लिहा, नकाशा जोडा. ‘पूर्वापार वाटेने’ असं लिहिलंत तर पूर्वापार भांडाल.

माहेरवाशीण
सातबारा सामाईक आहे का? बहिणी, आत्या, ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांच्या सह्या लागतील. एका हिश्शेदारानं बाकीच्यांच्या संमतीशिवाय सुविधाधिकार दिला तर चालत नाही, कायद्यात कलम 8 खाली तसं उदाहरणच दिलंय. आत्यांना पानसुपारीपुरतं बोलावू नका, दस्त वाचून दाखवा. शेजाऱ्याचा सातबाराही तपासा, त्याच्याही बहिणी असतील.

वसमतची_हळद
सामाईकच आहे. वडील, दोन आत्या आणि काका. आत्या सही करतील. म्हणजे शेजाऱ्याच्या आधी काकांशीच तडजोड करावी लागणार.

सरळ_बांध
काकांना माझा रामराम सांगा. आणि उकिरड्याचं कलम वाचल्याशिवाय सही करू नका म्हणावं.