पुढची काच नसणं हा पटकथेचा मालमसाला नाही
'द स्पिरिट ऑफ सेंट लुईस' (1957) मध्ये विमानाला समोर काचच नाही, ही नाट्यासाठी घेतलेली सूट असावी, असं कुणी म्हणतं. ते पटत नाही. 1927 मध्ये न्यूयॉर्कहून पॅरिसला एकट्याने, न थांबता उडालेल्या चार्ल्स लिंडबर्गचं खरं विमान तसंच होतं; सिनेमा त्याच उड्डाणावर आहे. एकूण सुमारे 1,700 लिटर पेट्रोल पाच टाक्यांत भरलेलं, तीन पंखांत आणि दोन वैमानिकाच्या पुढे. मोठी टाकी मागे ठेवली असती तर विमान आपटताच वैमानिक इंजिन आणि टाकीच्या मधे चिरडला असता. म्हणून समोरचं दिसलं नाही तरी चालेल, पण टाकी पुढेच, हा लिंडबर्गचाच आग्रह. समोरचं बघायला डावीकडे छोटा पेरिस्कोप (आरशांची नळी), नाहीतर विमान थोडं वळवून बाजूच्या खिडकीतून डोकवायचं.

सिनेमात भाव खाऊन जातो तो च्युइंगमने चिकटवलेला आरसा. तोही खरा आहे! होकायंत्र डोक्याच्या वर असल्याने आरशातूनच वाचावं लागे. मला मात्र त्याहून मोलाच्या वाटतात त्या उपकरणांच्या फळीवरच्या पेन्सिलीच्या रेघा. तोल सांभाळण्यासाठी टाक्या आलटून पालटून वापरायच्या, आणि कुठली किती तास चालली याचा हिशोब त्या रेघांत. साडेतेहतीस तासांच्या उड्डाणभर जागा असलेला माणूस असा मोजत बसला होता. वॉशिंग्टनच्या संग्रहालयातल्या मूळ विमानात त्या रेघा अजून आहेत.