शिडाच्या जुन्या होडीचं सुकाणू जड झालंय, काढायचं कसं?

चोर्ला_उतार
२२ फुटी फायबरची होडी गोव्याहून ट्रेलरवर बेळगावात आणली आहे. सुकाणू स्पेड प्रकारचं, म्हणजे नुसत्या शाफ्टवर लोंबणारं. शाफ्ट स्टेनलेसचा, ३० मिमी, तो होडीच्या तळातल्या नळीतून जातो, नळीत वर-खाली पांढरे प्लास्टिकचे बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी. सुकाणू फिरवायचा दांडा दोन हातांनी ढकलावा लागतो. सुकाणूच्या पानाच्या खालच्या कडेला केसाएवढी चीर आहे, तिथून तपकिरी पाणी पाझरतं. ग्रीस मारून भागेल का?

वडगावचा_टर्नर
नाही भागणार. पांढरे म्हणजे बहुतेक नायलॉनचे. नायलॉन पाणी पिऊन फुगतं. बाहेरून नळीने अडवलेलं, म्हणून आत फुगून शाफ्ट आवळतं. नवे बुश ॲसिटलचे करा, बाजारात डेल्रिन म्हणा. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कुठल्याही लेथवर होतील, पण जुना बुश नमुन्याला देऊ नका, शाफ्टच घेऊन जा. ३० मिमीला ०.२ ते ०.३ मिमी ढील ठेवायला सांगा. आम्हा टर्नर लोकांचा हात सवयीने ०.०५ वर जातो, आणि बुश नळीत ठोकला की भोक आणखी आवळतं. म्हणून बसवल्यावर भोक पुन्हा मोजा.

खाडीवाला
नळीत शाफ्ट जेवढा आहे तेवढी जागा पानाखाली लागते, ट्रेलरवर ती मिळत नाही. होडी उचलण्यापेक्षा पानाखाली खड्डा काढा, तोही पावसाळा लागायच्या आत. आधी पानाला ठोकळे आणि जॅकचा टेकू, मग दांडा, त्याला शाफ्टशी अडकवणारी लोखंडी चावी, शेवटी शाफ्ट वर धरून ठेवणारी कॉलर काढा. कॉलर सुटली की अख्खं सुकाणू खाली येतं, पाय तिथं नको. चावीच्या खाचेची धार बारीक कानसीने मारा. अडकलं तर शाफ्टच्या डोक्यावर लाकूड धरूनच ठोका. डोकं पसरलं तर ते नळीतून उतरणारच नाही.

वडगावचा_टर्नर
बुश राहू दे, ते तपकिरी पाणी आधी बघा की. पानाच्या आत शाफ्टला पट्ट्या वेल्ड केलेल्या असतात. साचलेल्या खाऱ्या पाण्यात हवा मिळत नाही, तिथं स्टेनलेससुद्धा गंजतं. खाली उतरवण्याआधी शाफ्टवरून पानावर खडूची एक रेघ ओढा. एकाने दांडा घट्ट धरायचा, दुसऱ्याने पान पिळायचं. रेघ तुटली तर वेल्ड गेलं.

चोर्ला_उतार
रेघ तुटली. बोटभर सरकली, शाफ्ट जागचा हलला नाही.

वडगावचा_टर्नर
मग पानाचं एका बाजूचं कवच कापून काढा, सांभाळून, तेच परत चिकटवायचं आहे. आतला ओला फोम सगळा खरवडा. शाफ्टची डीपी टेस्ट, म्हणजे लाल रंग लावून बारीक चीर शोधायची तपासणी, करून घ्या, वेल्डजवळ लाल रेघ उमटली तर शाफ्ट बदला. नाही उमटली तर ३१६एल या स्टेनलेसच्या रॉडने नव्या पट्ट्या वेल्ड करा.

खाडीवाला
जोडताना इपॉक्सीच, पॉलिएस्टर जुन्या फायबरला नीट धरत नाही. कापलेल्या कडेला घासून उतार द्या, त्याची लांबी कवचाच्या जाडीच्या १२ पट. शाफ्ट पानात शिरतो तिथं मात्र ५-६ मिमी खाच काढून पॉलियुरेथेन सीलंट भरा. तिथं कडक इपॉक्सी तडकते आणि पाणी पुन्हा त्याच वाटेने आत.